मधातलं संगीत

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

एखादं जुनं हिंदी गाणं मनातल्या मनात म्हणून पाहा. पहिलं कडवं संपलं की आपण लगेच दुसऱ्या कडव्यावर जात नाही. मध्ये व्हायोलिनचा एक तुकडा असतो, तो आपण तोंडानं वाजवतो. तो पूर्ण झाल्याशिवाय पुढचे शब्द ओठांवर येतच नाहीत. पुष्कळदा तर दुसऱ्या कडव्याचे शब्द आठवत नाहीत, पण त्याच्या आधीचा तो सुरांचा तुकडा जसाच्या तसा आठवतो. मी शब्दांचा माणूस. गझल लिहितो, म्हणजे शब्द तोलून-मापून वापरायचा माझा धंदा. शब्द विसरावेत आणि व्हायोलिन लक्षात राहावं, हे माझ्यासारख्याला टोचायला हवं. पण टोचत नाही, उलट कुतूहल वाटतं. साठ-सत्तर वर्षांपूर्वी मुंबईतल्या एखाद्या बंद खोलीत पन्नास-साठ माणसांनी मिळून वाजवलेले ते सूर अजून आपल्या डोक्यात कसे राहिले?

आज त्या संगीताबद्दल बोलायचं आहे. सिनेमात प्रसंगामागे वाजतं ते पार्श्वसंगीत आणि गाण्यात कडव्यांच्या मध्ये वाजतं ते संगीत, ही दोन्ही एकाच घराण्यातली. मोठा वाद्यवृंद ही या घराण्याची खूण. घराण्याचा मूळ वाडा हॉलिवूडमध्ये आणि आपल्याकडची शाखा मुंबईत. गंमत अशी, की दोन्हीकडे ते उभं करण्यात मोठा वाटा बाहेरून आलेल्या माणसांचा आहे.

आधी हॉलिवूडकडे जाऊ. बोलपट नवे होते तेव्हा तिथल्या निर्मात्यांना एक भीती वाटायची. पडद्यावर वादक दिसत नसताना संगीत वाजलं, तर प्रेक्षक विचारतील, हे आलं कुठून? १९३३ साली 'किंग काँग' आला आणि ही भीती संपली. पडद्यावरचा तो अक्राळविक्राळ वानर प्रत्यक्षात दीडेक फुटाची बाहुली होती. नुसती बाहुली पाहून लोक हसले असते. संगीतकार मॅक्स स्टायनर यांनी तिच्यामागे मोठा वाद्यवृंद उभा केला आणि तीच बाहुली पाहून लोक खुर्चीत आक्रसून बसले. संगीत कुठून आलं, असं कुणीही विचारलं नाही. डोळ्यांना जे पटत नाही ते कानांकडून पटवून घेता येतं, ही गोष्ट त्या वेळी सगळ्यांच्या लक्षात आली.

स्टायनर मूळचे व्हिएन्नाचे. ते बरेच आधी अमेरिकेला गेले होते. त्यांच्या मागून आलेल्यांपैकी काहींची गोष्ट वेगळी आहे. एरिख कोर्नगोल्ड हेही व्हिएन्नात नाव कमावलेले संगीतकार. १९३८ साली 'द अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ रॉबिन हूड'च्या संगीतासाठी ते हॉलिवूडला आले आणि त्याच सुमारास हिटलरनं ऑस्ट्रिया गिळंकृत केला. कोर्नगोल्ड ज्यू होते. परतीची वाट बंद झाली. त्या सिनेमानं आपला जीव वाचवला, असं ते सांगत. फ्रान्झ वॅक्समन यांना बर्लिनमध्ये नाझी गुंडांनी मारहाण केली, तेव्हा त्यांनी जर्मनी सोडली. 'बेन हर'चे मिक्लोश रोझा हंगेरीचे. या लोकांनी युरोपातल्या ऑपेरा आणि सिम्फनीची सगळी विद्या सोबत आणली. एरवी जे संगीत ऐकायला सुटाबुटातली माणसं महागडी तिकिटं काढून जात, ते आता सिनेमाच्या स्वस्त खुर्चीवर बसणाऱ्यापर्यंत पोचलं. सिनेमा पाहायला आलेल्या माणसाला आपण सिम्फनीसारखं काही ऐकतोय, याचा पत्ताही नव्हता.

ऑपेरातली एक युक्ती त्यांनी फार चांगली वापरली. प्रत्येक मुख्य पात्राला, एखाद्या जागेला, एखाद्या भीतीलासुद्धा स्वतःची अशी छोटी धून द्यायची. पात्र पडद्यावर नसलं तरी धून वाजली, की ते हजर. पुढे १९७५ साली जॉन विल्यम्स यांनी 'जॉज'मध्ये शार्क माशासाठी अवघे दोन सूर वापरले. मासा दिसत नाही, नुसतं पाणी दिसतं, आणि ते दोन सूर जवळ येऊ लागतात. एवढ्यानं जगभरच्या लोकांना समुद्रात पाय टाकायची धास्ती वाटू लागली.

हे काम वाटतं तसं नुसत्या प्रतिभेचं नव्हतं, त्यात हिशेबही होता. सिनेमाची फीत सेकंदाला २४ चित्रं या वेगानं धावते. ३५ मिलिमीटरची ९० फूट फीत म्हणजे एक मिनिट. दार उघडणं कितव्या फुटावर, थप्पड कितव्या फुटावर, हे मोजून संगीतकार सूर लिहायचा. मग समोर पडद्यावर प्रसंग चालू ठेवून वाद्यवृंद वाजायचा आणि संचालक एक डोळा पडद्यावर, एक डोळा वादकांवर ठेवायचा.

कुठे वाजवायचं नाही, हेही ठरवावं लागे. 'बेन हर'मधली (१९५९) रथांची शर्यत आठवते? शर्यतीआधी रोझा यांचं दणदणीत संचलन-संगीत आहे. शर्यत सुरू झाली की संगीत बंद. मग फक्त टापा, चाकं आणि गर्दीचा गलका. याच्या उलट हिचकॉकच्या 'सायको'मध्ये (१९६०) घडलं. स्नानगृहातल्या खुनाच्या प्रसंगाला संगीत नको, असं खुद्द हिचकॉकचं म्हणणं होतं. संगीतकार बर्नार्ड हरमन यांनी तरीही फक्त तंतुवाद्यं घेऊन किंचाळणारा एक तुकडा लिहिला आणि ऐकवला. हिचकॉकनं आपलं मत बदललं. त्या तुकड्याशिवाय तो प्रसंग आज कुणाला आठवतही नाही.

आता मुंबईला येऊ. आपल्या संगीतकारांकडे चालींना तोटा नव्हता. पण चाल हार्मोनियमवर बसवणं वेगळं आणि साठ वादकांना त्यांचे त्यांचे सूर लिहून देणं वेगळं. हे लिहिणारी माणसं बहुतांशी गोव्यातून आली. गोव्यात १९६१ पर्यंत पोर्तुगीजांचं राज्य होतं. तिथे चर्चला जोडलेल्या शाळांत लहान मुलांना स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत. ही मुलं पोटासाठी मुंबईला आली, हॉटेलांत आणि क्लबांत वाजवू लागली. १९४९ च्या कायद्यानं मुंबई इलाख्यात दारूबंदी कडक झाली, तसं हॉटेलांतलं त्यांचं काम आटलं. नेमका तेव्हाच हिंदी सिनेमाचा वाद्यवृंद वाढत होता. नौशाद यांनी 'आन'साठी (१९५२) शंभर वादक बसवले, असं सांगतात. वाचून वाजवणारे हात सिनेमाला हवेच होते.

चालीला वाद्यवृंदाचे कपडे चढवणाऱ्या माणसाला अरेंजर म्हणतात, मराठीत संगीत-संयोजक. सेबॅस्टियन डिसूझा हे त्यातलं फार मोठं नाव. फाळणीआधी ते लाहोरला हॉटेलात बँड चालवत, फाळणीनंतर मुंबईत आले. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांत लताबाईंच्या किंवा मुकेशच्या आवाजामागे व्हायोलिनं एक वेगळीच चाल वाजवत असतात. गाण्याची चाल वर चढली तर ती खाली उतरते, गायक श्वास घ्यायला थांबला तर ती पुढे येते. पण गायकाच्या अंगावर कधी पडत नाही. ही दुसरी चाल सेबॅस्टियन यांच्या कागदावरून यायची. आपण गाणं आठवतो तेव्हा या दोन्ही चाली एकत्रच आठवतो. वेगळ्या करताच येत नाहीत.

यात अडचण मोठी होती. आपलं संगीत एका वेळी एका सुराच्या वाटेनं चालतं. युरोपातलं संगीत एका वेळी अनेक सुरांचे मजले उभे करतं. भैरवीच्या कोमल रिषभाखाली भलता सूर ठेवला, की भैरवी कोलमडते. या माणसांनी राग न मोडता त्याखाली मजले बांधले. मजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (१९२७ ते २०१२) तर याच प्रश्नानं झपाटले होते. १९५८ साली त्यांनी मुंबईत 'इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा' उभा केला. त्यात लता मंगेशकर आणि मन्ना डे गायले. पुढे ते अमेरिकेला शिकायला गेले आणि परतल्यावर सिनेमापासून दूर, गोव्यात राहिले. 'अमर अकबर अँथनी'त (१९७७) अमिताभ भल्या मोठ्या अंड्यातून बाहेर येऊन जे नाव सांगतो, ते यांचंच. संगीतकार जोडीतले प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले होते. शिष्यानं गुरूला केलेला तो सलाम होता. आपण मात्र ते एक गमतीचं नाव समजून हसलो.

त्या खोलीत फक्त गोव्याची माणसं नव्हती. सारंगीवर राम नारायण, सतारीवर रईस खान, सॅक्सोफोनवर मनोहारी सिंग, अकॉर्डियनवर पारशी केर्सी लॉर्ड. अनेक वर्षं सगळ्यांना गायकासोबत एकाच वेळी वाजवावं लागे. प्रत्येकाचं वेगळं ध्वनिमुद्रण करून मागाहून जोडायची सोय नव्हती. कुणाचा आवाज मोठा, कुणाचा बारीक, हे माइकपासूनच्या अंतरावर ठरायचं. एकट्यानं वाजवायचा तुकडा आला की तो वादक उठून माइकजवळ जायचा, वाजवून हलक्या पावलांनी मागे सरायचा. शेवटच्या कडव्यात एकाचा सूर चुकला, तर साठही जणांनी पुन्हा पहिल्यापासून वाजवायचं. म्हणून प्रत्येक जण दुसऱ्याकडे कान लावून असे.

मुंबईची शाखा ही मूळ वाड्याची नक्कल नव्हती, याला 'शोले'सारखा पुरावा नाही. १५ ऑगस्ट १९७५ ला आलेला हा सिनेमा बेतला होता घोडे, डाकू आणि खडकाळ माळ यांच्या परदेशी सिनेमांवर. राहुलदेव बर्मन यांचं शीर्षकसंगीतही गिटार आणि फ्रेंच हॉर्न घेऊन त्याच वळणानं सुरू होतं. पण बसंतीच्या टांग्यामागे डाकू लागतात, तेव्हा तिकडच्या संगीतकारानं ट्रम्पेटं आणली असती, इथे पंडित सामताप्रसादांचा तबला वाजतो. टापा आणि तबल्याचे बोल यांत फरक कळेनासा होतो. आणि ठाकूरच्या हवेलीत राधा एकेक दिवा मालवते, पलीकडे जय माउथ ऑर्गन वाजवतो, तो प्रसंग? दोघांत एका शब्दाचीही देवघेव नाही. विधवा सून आणि भाडोत्री चोर यांच्यात काय चाललंय, हे संवादानं सांगितलं असतं तर उथळ झालं असतं. चार सुरांनी ते सांगितलं आणि मर्यादाही राखली.

आमच्या वऱ्हाडात हे संगीत पोचलं तीन वाटांनी. पहिली वाट टॉकीजची. अमरावतीत राजकमल चौक, प्रभात चौक, चित्रा चौक म्हणतात. ही टॉकीजची नावं. सिनेमाघरांनी चौकांना नावं द्यावीत, इतकी सिनेमाची सत्ता होती. दुसरी वाट रेडिओ आणि तबकडीची. 'शोले'च्या संवादांची तबकडी निघाली होती. लहानपणी लग्नघरी आणि पानठेल्यावर ती वाजताना मी ऐकली आहे. ऐकणाऱ्यांपुढे पडदा नव्हता. तरी संवादांच्या मागचं संगीत बदललं की माणसं हातातलं पान तसंच धरून थांबायची. चित्राशिवायही ते संगीत चित्र दाखवू शकत होतं.

तिसरी वाट मला सगळ्यांत जवळची. ती लग्नाच्या बँडची. अकोल्यात आमच्या मोहल्ल्यापासून जवळ एक बँडमास्तर राहायचे. क्लॅरिनेट वाजवायचे. स्वरलिपी त्यांना वाचता येत नव्हती. कॅसेट लावायचे, एकच जागा दहादा मागे-पुढे करून ऐकायचे आणि मग वाटण्या करायचे. व्हायोलिनचा तुकडा दोन क्लॅरिनेटना, चेलोचा खालचा सूर मोठ्या पितळी बाजाला, अकॉर्डियनचं काम सॅक्सोफोनला. एकदा तालीम पाहत बसलो होतो. मी म्हटलं, मास्तर, लोक तर मुखड्यावर नाचतात, मग या मधल्या तुकड्यापायी पोरांना एवढं का रगडता? ते म्हणाले, "गानं तं कोनीबी वाजवते भाऊ. मधातलं वाजवता आलं पाह्यजे. मधातलं चुकलं का वरात उभी राह्यते."

सेबॅस्टियन डिसूझा हे नाव त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. पण सेबॅस्टियन मुंबईत जे करत होते, तेच काम मास्तर अकोल्यात उलट्या दिशेनं करत होते. एकानं सूर कागदावर उतरवले, दुसऱ्यानं ते कानानं पुन्हा वेचून काढले.

मास्तरांचं ते वाक्य मला गझलेसाठीही उपयोगी पडलं. अमरावती हे सुरेश भटांचं गाव, आमच्या भागातल्या लोकांना गझल ऐकायची सवय आहे. मुशायऱ्यात एक शेर झाला, की शायर लगेच दुसरा म्हणत नाही. पहिला ऐकणाऱ्याच्या आत उतरायला वेळ लागतो. तो वेळ दाद देण्यात, ओळ परत म्हणण्यात जातो. सिनेमातल्या गझलेत हे काम वाद्यं करतात. मदनमोहन यांच्या गझलांत दोन शेरांच्या मध्ये रईस खान यांची सतार येते ती जागा भरायला नव्हे. झालेला शेर ती आपल्या मनात मुरवते आणि पुढच्यासाठी जागा करते. शब्द जिथे संपतात तिथे ऐकणाऱ्याचं काम सुरू होतं. त्या वेळी सोबतीला कुणीतरी लागतं. या संगीताची गोडी टिकण्याचं मोठं कारण मला हेच वाटतं. ते आपल्याला काही समजावून सांगत नाही. आपल्याला कळेपर्यंत सोबत थांबतं.

दुसरं कारण साधं आणि कानाचं आहे. वीस व्हायोलिनं एकच सूर वाजवतात, तेव्हा तो तंतोतंत एक कधीच नसतो. कुणाचं बोट केसभर पुढे, कुणाचं मागे, कुणाचा गज क्षणभर उशिरा. या बारीक फरकांतून त्या आवाजाला एक भरीवपणा येतो. आरतीत शंभर गळे एकदम लागतात तेव्हा जे जाणवतं, तेच हे. १९८० नंतर सिंथेसायझरचा वापर वाढला आणि हळूहळू वादकांना एकेकटं बोलावून, वेगवेगळ्या वेळी वाजवून घेण्याची पद्धत रूढ झाली. त्यातूनही चांगलं संगीत निघालं, मी ते नाकारत नाही. पण एकाच यंत्रातून काढलेला व्हायोलिनचा आवाज वीसपट केला, म्हणून वीस माणसं होत नाहीत. हॉलिवूडनं हे त्याआधीच पुन्हा ओळखलं होतं. १९७७ साली 'स्टार वॉर्स'साठी जॉन विल्यम्स यांनी लंडनचा पूर्ण सिम्फनी वाद्यवृंद बसवला आणि मोठा वाद्यवृंद परत आला.

आता हानीबद्दल. हॉलिवूडच्या एमजीएम कंपनीनं १९७० च्या आसपास आपल्या संगीताचे हस्तलिखित कागद भरावात टाकून दिले. कागद गेले, सिनेमे उरले. पुढे जॉन विल्सन या इंग्रज संचालकानं ते सिनेमे पुन्हा पुन्हा ऐकून एकेका वाद्याचे सूर परत लिहून काढले आणि २००९ साली लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये ते वाजवले. लोकांनी सभागृह डोक्यावर घेतलं. हे वाचलं तेव्हा मला अकोल्याचे मास्तर आठवले. कॅसेट मागे-पुढे करून ते तरी दुसरं काय करत होते?

मुंबईतले कागद कुणी भरावात टाकले नाहीत, पण जपलेही फारसे नाहीत. ध्वनिमुद्रण झालं की त्यांचं काम संपलं. वादकांची नावं तबकडीच्या वेष्टनावर क्वचितच येत. अरेंजरचं नाव आलंच तर साहाय्यक म्हणून, बारीक अक्षरात. ग्रेगरी बूथ या अभ्यासकानं या वादकांना भेटून, त्यांना बोलतं करून २००८ साली एक पुस्तक केलं. आपले अशोक राणे यांनी अँथनी गोन्साल्विस यांच्यावर माहितीपट केला. असे प्रयत्न झाले म्हणून निदान काही नावं आपल्यापर्यंत आली. ज्यांच्यापर्यंत कुणी पोचलं नाही, ते वादक एकेक करून जात आहेत.

आणि आमच्याकडचे बँडही कमी होत आहेत. वरातीत आता डीजेची गाडी असते. त्यात मुखडा दणाणतो, ठेका दणाणतो आणि मधलं संगीत बहुधा कापलेलं असतं. मास्तरांच्या बँडमधली काही पोरं आता गाड्यांवर ड्रायव्हर आहेत.

श्रोत्यांना माझी एवढीच विनंती आहे. पुढच्या वेळी जुना सिनेमा लावाल तेव्हा सुरुवातीची नावं पळवू नका. संगीतकाराच्या खाली जी बारीक अक्षरातली नावं येतात, ती मोठ्यानं वाचा, घरातल्या मुलांना ऐकू जातील अशी. तुमच्या गावात कुणी म्हातारा क्लॅरिनेटवाला, ट्रम्पेटवाला असेल, तर त्याच्याजवळ बसा आणि त्याला एखाद्या गाण्याचं मधातलं वाजवायला सांगा. फोनवर ते टिपून ठेवा, तारीख घाला आणि त्याचं नाव लिहा.